हाताला हात

१

आमच्या मंडळाची सभा खुर्च्यांपासून सुरू होते. चर्चचा भाड्याचा हॉल, रस्त्याच्या पातळीपेक्षा थोडा खाली. भिंतीत वरच्या बाजूला आडव्या खिडक्या आहेत, त्यांतून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसतात. खुर्च्या एकावर एक रचलेल्या असतात. त्या उतरवायच्या, रांगा लावायच्या, जाताना पुन्हा रचायच्या, नाहीतर सोमवारी इमारत सांभाळणाऱ्या हाउसमाइस्टरचा फोन ठरलेला. हीटर सुरू केला की पाइपांतून टकटक येते आणि बऱ्याच वेळाने ऊब. चारूमामा हे सगळं वर्षानुवर्षं एकटा करत आला होता.

मामा म्हणजे माझ्या आईचा मोठा भाऊ, चारुदत्त. इथे जर्मनीत, आखनच्या एका यंत्रांच्या कारखान्यात त्याने नोकरीची सगळी वर्षं काढली. मामी गेली, मग निवृत्ती आली, आणि त्याच्याकडे उरलं ते मंडळ. ते त्यानेच काढलं होतं. गणपती कुठे बसवायचा, दिवाळीचं जेवण कुणाकडून मागवायचं, स्टेजवर कोण गाणार आणि किती वेळ, हे मामा ठरवायचा. तो कुणाला विचारायचा नाही आणि फारसा चुकायचाही नाही, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

मी बोलले.

इंग्लंडमध्ये लेस्टरला इतिहास शिकून मी गेल्या शरदात घरी परत आले होते. ज्या माणसावर प्रबंध लिहिला तो त्याच गावचा, तेराव्या शतकातला सरदार, सायमन द माँटफर्ट. दिवाळीच्या कार्यक्रमात मी त्याच्यावर बोलले. लोक चकल्या खात होते. मी सांगितलं, हा राजाचा मेहुणा. राजा कुणाला विचारत नाही म्हणून याने बंड केलं, लढाई जिंकली, राजाला ताब्यात घेतलं. राजाचा भाऊ पळून पवनचक्कीत लपला, आणि हा भाऊ म्हणजे तोच, ज्याला आपल्या आखनच्या डोममध्ये, त्या जुन्या कॅथेड्रलमध्ये, जर्मनांचा राजा म्हणून मुकुट घातला होता. इथे हशा झाला. मग सायमनने राजाच्याच नावाने लंडनला सभा बोलावली, आणि सरदार-बिशपांच्या जोडीला गावोगावची साधी माणसं बोलावली. प्रत्येक शहरातून दोन. आज ज्याला पार्लमेंट म्हणतात त्याची ही सुरुवात.

"मग पुढे?" नेकारसुल्मच्या कुमारने विचारलं. तो तिथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर आहे आणि कुठल्याही भाषणात पहिला प्रश्न त्याचाच असतो.

"त्याच वर्षी लढाईत मारला गेला. शरीराचे तुकडे केले. हात तोडून शत्रूच्या बायकोकडे पाठवले असं म्हणतात."

"बाप रे. सभा घेतली म्हणून?"

पुन्हा हशा. मामा मागच्या रांगेतून म्हणाला, "आणि लेस्टरमधून ज्यू लोकांना कायमचं गावाबाहेर काढलं, तेही यानेच ना गं?"

"हो."

"नाही, आपलं विचारलं. वाचलं होतं कुठेतरी."

ते पान मी भाषणातून काढून टाकलं होतं. वेळ कमी होता.

त्याच संध्याकाळी मी प्रस्ताव मांडला. आखनला शिकून नोकरीसाठी नेकारसुल्म, गेर्लिंगेन आणि आणखी कुठे कुठे पांगलेली माणसं अजून आमच्याच मंडळाची सभासद होती. ती गणपतीला यायची, जेवायची, भांडी घासायची, पण त्यांना विचारत कुणी नव्हतं. तेव्हा प्रत्येक शहरातून दोन प्रतिनिधी, आणि ठरवायचं ते सगळ्यांनी. सगळ्यांनी मामाकडे बघितलं.

"करा की," मामा म्हणाला. "मला तरी कुठे हौस आहे हीटर लावायची."

२

इथे मंडळ म्हणजे नोंदणी केलेला फेराईन असतो. त्याला झाट्सुंग लागते, म्हणजे लेखी नियमावली, आणि नवी झाट्सुंग मी लिहिली. पहिली सभा जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी भरली. बर्फ पडून वितळलेलं होतं, दाराशी चिखल झाला होता. लोक तीन-तीन तास गाडी चालवून आले होते आणि चेहऱ्यावर ते दिसत होतं. मीही दमले होते. सभा भरवण्यात किती फोन असतात हे इतिहासाच्या पुस्तकात कुणी लिहीत नाही.

मामाने टेबलावर छोटा गणपती मांडला आणि फूल वाहायला कुमारला पुढे बोलावलं. कुमारने हात पुढे केला तशी त्याची बायको आणि नेकारसुल्मची दुसरी प्रतिनिधी ऊर्मिला मागून सरकली आणि तिने त्याच्या कोपराला हात लावला. तिच्या कोपराला आणखी कुणी, त्यांच्या हाताला आणखी कुणी. पूजेत एकाने वाहायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या हाताला हात लावायचा, म्हणजे ते सगळ्यांनी वाहिल्यासारखं होतं. हे आपल्याकडे कुणी शिकवत नाही. लग्नात, सत्यनारायणात बघून बघून हात आपला पुढे होतो.

मग पहिला ठराव आला. इथे वाढलेल्या मुलांना गणपतीत जर्मनमधून नाटक करू द्यावं का? "बाजूने असतील त्यांनी हात वर करा," मी म्हटलं. प्रतिनिधींनी हात वर केले. आणि मागे बसलेल्या माणसांनी, त्यांच्या गावच्या, त्यांच्या घरच्या, पुढे वाकून त्या वर केलेल्या हातांच्या कोपरांना हात लावला.

"अरे, ही सभा आहे की सत्यनारायण?" मामा ओरडला. "प्रसाद आहे का शेवटी?"

"काका, तुम्ही आधी हात वर करा, मग शिरा," कुमार म्हणाला.

सगळे हसत होते. मी मात्र त्या कोपरांकडे बघत राहिले. एका माणसाने अनेकांच्या वतीने बोलायचं म्हणजे काय, यावर मी तीन वर्षं वाचलं होतं. आणि इथे, चहाचा वास आणि ओल्या मोज्यांचा वास येणाऱ्या हॉलमध्ये, ते लोकांनी हाताने करून दाखवलं होतं.

आखनचे दोन प्रतिनिधी म्हणजे मामा आणि मी. माझा हात वर होता. माझ्याही कोपराला हात लागला. चार बोटं खालून, अंगठा वरून. हलका आणि थोडा गार. आई असणार असं मला वाटलं, आणि बरं वाटलं.

३

परतताना बसमध्ये मी आईला म्हटलं, "तू माझ्या मागे येऊन बसलीस ना, छान वाटलं."

"कधी?"

"पहिल्या ठरावाला. हात लावलास ते."

"मी कुठे? मी आत किचनमध्ये होते. त्यांच्या त्या केटलीचं बटण धरून ठेवावं लागतं, सोडलं की बंद पडते. चाळीस माणसांचा चहा असा उभ्याने केलाय मी."

"मग कोण होतं?"

"मला काय आतून दिसतंय? असेल कुणी. वासंती असेल, तिला सगळ्यांना हात लावायची सवय आहे."

असेल. मागे माणसं होती, रांगा वाकड्या झाल्या होत्या, कुणीही पुढे वाकलं असेल. मी खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले.

पण एक गोष्ट मनातून जाईना. माणूस आपल्याला हात लावतो तेव्हा त्या हाताच्या मागे माणूस असतो. बाहीची सळसळ असते, खुर्ची करकरते, श्वास असतो, वाकताना तोल सावरायला तो थोडा भार आपल्यावर टाकतो. त्या हाताला मागे काहीच नव्हतं. मनगटापाशी तो संपल्यासारखा होता. मी स्वतःला म्हटलं, पाठीला डोळे नसतात, आणि पाठीमागच्या गोष्टींची माणूस काय वाटेल ती कल्पना करतो. हे अगदी बरोबर आहे. तरी घरी पोचेपर्यंत मी कोट काढला नाही.

४

दुसरी सभा ऑनलाइन झाली. कुणालाच एवढा प्रवास झेपत नव्हता. मी माझ्या खोलीत टेबलाशी बसले. खोली अरुंद आहे. खुर्ची मागे सरकवली की भिंतीला लागते, आणि ती लागलेलीच होती.

ठराव होता गणपतीचा. आखनचा हॉल लहान पडतो, यंदा गणपती नेकार नदीकडे, सगळ्यांना मध्यवर्ती पडेल अशा मोठ्या हॉलमध्ये बसवावा. तो गेर्लिंगेनच्या स्वरूपाने मांडला होता. ती तिथल्या एका मोठ्या कंपनीत प्रोजेक्ट सांभाळते आणि सभेतही तशीच बोलते. मामा म्हणाला, "इथले म्हातारे कसे येणार तिकडे?" मला दोन्ही बाजू पटत होत्या. मी तटस्थ राहायचं ठरवलं होतं.

"बाजूने?" स्वरूपाने विचारलं.

कोपराला हात लागला.

मी हलले नाही. चार बोटं खालून, अंगठा वरून. माझ्या पाठीला खुर्ची होती आणि खुर्चीला भिंत. हाताला येण्यापुरती जागाच नव्हती. बोटांनी ओढलं नाही, ढकललंही नाही. पूजेत लावतात तसाच तो लागलेला होता, नम्रपणे, म्हणजे मी जे करीन त्यात त्याचाही वाटा राहील. आणि पडद्यावरच्या चौकोनात मला दिसलं की माझा हात वर आहे.

ठराव मंजूर झाला.

थोड्या वेळाने कुमारचा फोन आला. आवाज नेहमीसारखा थट्टेचा होता, पण शब्द शोधत होता.

"उर्जा, मी मघाशी हात वर केला का गं?"

"केलात."

"मला करायचा नव्हता. ऊर्मिला विचारतेय, तुम्ही तर जेवताना विरोधात बोलत होता. मी म्हटलं, मी घरातही असाच हात वर करतो, तू विचारलंस की. ती हसली नाही." मग तो म्हणाला, "तुझ्याकडे कुणी होतं का बाजूला?"

"नाही. का?"

"काही नाही. जा, झोप जरा. डोळे सुजलेत तुझे."

५

मी डॉक्टरकडे गेले. हे लिहायला मला संकोच वाटत नाही. कोपराला काही होत असेल तर कोपर दाखवावं. डॉक्टरने हात वाकवून बघितला, ठोकून बघितला. "आल्झो, म्हणजे दिवसभर लॅपटॉप? कोपर टेबलावर टेकलेलं? इथली नस दबते. मग मुंग्या येतात, स्पर्श झाल्यासारखं वाटतं, हात आपोआप हलल्यासारखा वाटतो." त्याने एक मऊ पट्टा दिला. मी त्याचे दोनदा आभार मानले. तीन दिवस मी माणसात होते.

मग मामाने सही केली.

दरवर्षी याच सुमाराला तो चर्चच्या ऑफिसात जाऊन गणपतीसाठी आखनचा हॉल राखून ठेवतो. यंदाही गेला. सभेचा ठराव मोठ्या हॉलचा होता आणि मंडळाचा अध्यक्ष असलेल्या मामाने जुन्याच हॉलच्या करारावर सही केली होती. मी धावत त्याच्याकडे गेले.

"मुद्दाम केलंस का रे, मामा?"

"नाही गं. त्या बाईने कागद पुढे केला, मी पेन काढलं. दरवर्षी करतो तसं."

मला ते खरं वाटलं. स्वरूपाला वाटलं नाही. तिने ठराव पाठवला, की सभेचा निर्णय मोडल्याबद्दल चारुदत्त यांना अध्यक्षपदावरून आणि मंडळाच्या सभासदत्वावरून दूर करावं.

मी तिला फोन केला. "अध्यक्षपद समजू शकते. सभासदत्व कशाला? ते म्हातारे आहेत, एकटे आहेत."

"उर्जा, मला काय आनंद आहे? कलम तूच लिहिलंयस. सभेविरुद्ध वागेल तो बाहेर. गेनाऊ, अगदी हेच शब्द."

ते कलम मी एका नमुन्यातून जसंच्या तसं उतरवलं होतं. तेव्हा ते राजांसाठी आहे असं मला वाटलं होतं.

आईने त्या दिवशी स्वयंपाक केला, वाढलं, आणि ताटावर बसून राहिली. "दादाला मंडळातून काढलंत ना, तर त्याच्याकडे रविवार उरणार नाही," ती म्हणाली. "बाकीचे सहा दिवस तो रविवारसाठी काढतो. एवढं तुला माहीत असू दे."

"मी विरोधात मत देणार आहे, आई. मी, कुमार, ऊर्मिला. मामा स्वतः. एवढे विरोधात राहिले की ठराव पडतो."

"मग ठीक," ती म्हणाली. पण तिने माझ्याकडे नाही, माझ्या कोपरावरच्या पट्ट्याकडे बघितलं.

६

या सभेला फक्त प्रतिनिधींना बोलावलं होतं. मामाचा अपमान चारचौघांत नको म्हणून ते मीच सुचवलं होतं. रविवारची दुपार, पाऊस. मी पोचले तेव्हा हीटर चालू होता आणि खुर्च्या लावलेल्या होत्या. मामाने लावल्या होत्या. स्वतःच्या सभेच्या खुर्च्या. अंगात इस्त्रीचा कोट, केस ओले करून विंचरलेले.

सवयीने त्याने मागच्या रांगाही मांडल्या होत्या. त्या रिकाम्या राहिल्या. आमच्या कुणाच्याही मागे कुणी नव्हतं.

"काका, काळजी नको," कुमार त्याच्या जवळ जाऊन म्हणाला. "आज मी दोन्ही हात खिशात ठेवणार आहे. ऊर्मिलाने खिसे शिवून दिलेत."

"तुझा भरवसा नाही," मामा म्हणाला. "पँट काढून ठेवशील." दोघे हसले. ऊर्मिला हसली नाही. तिने पर्स मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली.

स्वरूपाने ठराव वाचला. तिचा आवाज वाईट नव्हता, दमलेला होता. मग ती म्हणाली, "काका, तुम्हाला काही बोलायचंय?"

मामा उभा राहिला. "नाही. हीटरची चावी टेबलाच्या डाव्या खणात असते. फिरवताना जरा वर उचलायची." तो बसला.

मी उजवा हात डाव्या हाताने मांडीवर दाबून धरला. मग तेही पुरेसं वाटेना, म्हणून दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन त्यांवर बसले. पाइपांत टकटक होत होती. वरच्या खिडकीतून कुणाचे तरी ओले बूट गेले.

"ठरावाच्या बाजूने?" स्वरूपा म्हणाली, आणि तिने हात वर केला. तिच्या बाजूच्याने केला. मग पुढच्याने.

मग कोपराला हात लागला. या वेळी तो नुसता लागला नाही. बोटं खालून घट्ट बसली आणि उचलू लागली. जोर फार नव्हता. लहान मुलाला घास भरवायला शिकवताना त्याचा हात आपण धरतो आणि त्याच्याच हाताने घास तोंडाकडे नेतो, तेवढाच. मी दात आवळले. माझा उजवा हात मांडीखालून निघाला आणि वर गेला.

मी कुमारकडे पाहिलं. त्याचा हात खिशातून निघून वर होता आणि तोंड थोडं उघडं होतं. ऊर्मिलाचाही वर होता, पर्स खाली पडली होती. आणि तेव्हा मला त्यांच्या बाह्या दिसल्या. कुमारचा स्वेटर जाड लोकरीचा होता. कोपरापाशी ती लोकर दबलेली होती. खालून चार खळगे, वरून एक. ऊर्मिलाच्या कोटावर तसेच. पुढच्या रांगेतल्या प्रत्येक वर केलेल्या हाताच्या बाहीवर तसेच. मागे फक्त रिकाम्या खुर्च्या.

मामाचा हात अजून खाली होता. तो एकटाच. एक मत असं असेल, निदान प्रोटोकोलमध्ये, सभेच्या नोंदीत, ते लिहिलेलं राहील, असं काहीतरी माझ्या मनात आलं. आणि मग त्याच्या कोटाचं कोपर हललं.

तो गोंधळला. त्याने आपल्या कोपराकडे पाहिलं, मग सरळ माझ्याकडे. माझ्या आणि त्याच्या मध्ये सबंध हॉल होता.

"उर्जा," तो म्हणाला, हळू, लोकांत कुणाला ओशाळं वाटू नये अशा आवाजात. "सोड की गं हात."

त्याचा हात वर जात होता. आणि क्षणभर, तो खांद्याच्या वर गेला तेव्हा, मला त्याच्या कोपराशी ती बोटं दिसली. बोटं, तळवा, मनगट. मनगटापुढे खुंटीवर टांगलेले ओले कोट दिसत होते. हात गोरा नव्हता, म्हातारा नव्हता, शेकडो वर्षांचा नव्हता. तो ओळखीचा होता.

माझा डावा हात अजून मांडीखाली होता, बधिर झालेला. म्हणजे तो तिथे असायला हवा होता. मी मान खाली घालून बघितलं नाही.

"एकमताने," स्वरूपा म्हणाली. ती हात खाली घ्यायचं विसरली.

७

दोन दिवसांनी दुपारी मी मामाकडे गेले. आई माझ्याशी बोलत नव्हती, आणि मला तिला काही सांगता येत नव्हतं. कुमारचा फोन लागत नव्हता. मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं की आता अध्यक्ष उर्जाच हवी, आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागली होती.

मामाने दार उघडलं. त्याच्या अंगात घरातला जुना स्वेटर होता. त्याने चहा टाकला. स्वयंपाकघरात घड्याळ नाही, रेडिओ नाही. वाफ खिडकीच्या काचेवर जमत होती आणि तो तिच्याकडे पाठ करून उभा होता.

"मामा, ती मी नव्हते."

"असं कसं? तुला शाळेत मी पोचवायचो. पहिली ते चौथी, रोज. तो हात मला कळत नाही का?"

"मी लांब बसले होते. तू बघितलंस."

"बघितलं ना." त्याने कप पुढे ठेवले. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "तू उचललंस, म्हणून मी वर केला. नाहीतर नसता केला. म्हटलं, पोरीची एवढी इच्छा आहे, तिने एवढं सगळं उभं केलंय, आपण कशाला आडवं जायचं."

मी रडले. त्याने मला रडू दिलं. मग मी नाक पुसून म्हटलं, की हे उलटवता येतं. मला अजूनही वाटतं, आणि तेव्हा तर फारच वाटत होतं, की माणसांनी एकत्र बसून ठरवण्याइतकं चांगलं दुसरं काही जगात नाही. चूक झाली तर तीही सभेनेच दुरुस्त करायची. "मी पुन्हा सभा बोलावते. सगळ्यांना, फक्त प्रतिनिधींना नाही. तुला परत घ्यायचा ठराव मीच मांडते. मी विचारते सगळ्यांना..."

"नको," मामा म्हणाला.

"का नको?"

उत्तर म्हणून त्याने टेबलाकडे हनुवटी केली. त्याचा उजवा हात कपाशेजारून उठत होता. सावकाश, कोपरापासून, तळवा उघडा. मामाने डावा हात वर नेला, उजवं मनगट धरलं आणि ते टेबलावर आणून ठेवलं. घाई नाही, भीती नाही. रांगत्या मुलाला पुन्हा चटईवर आणून बसवावं तसं. त्याने ते आधीही बऱ्याचदा केलं असावं.

"परवापासून असं होतंय," तो म्हणाला. "भाजी चिरताना, दाढी करताना. कुणीतरी काहीतरी विचारतं आणि मी हो म्हणतो. खूप लोक असावेत. सगळेच हो म्हणत असावेत."

"काय विचारतात?"

"तेवढंच ऐकू येत नाही."

चहावर साय धरली होती. खाली रस्त्यावरून बस गेली, काच थरथरली आणि थांबली. मामाने मान वर केली. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हता, चेहऱ्याच्या बाजूला, थोडं वर, माझ्या उघड्या तळव्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत पहिल्यांदाच काहीतरी आशेसारखं दिसलं.

"तुला ऐकू आलं?" त्याने विचारलं. "कशाला हो म्हणतोय गं आपण?"